एका जागी

“आई, एका जागी बस ना गं! लोक बघतायत.”

वाक्य तिच्यासाठी नव्हतं. खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींना त्यांची मुलगी बोलत होती, आवाज दाबून, दातांतल्या दातांत. आणि ती, त्या वॉर्डातली सिस्टर, औषधांचा ट्रे घेऊन पलीकडच्या खाटेकडे निघाली होती. पण पाय थांबले. ट्रेमधल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. आपलंच घर, आपलाच आवाज, आणि आपण मात्र परक्यासारखे दाराबाहेर उभे, असं क्षणभर झालं. मान वळवायच्या आधीच तिला ठाऊक होतं की आजी बसलेल्या नसणार. नव्हत्याच. परवा पोटाचं ऑपरेशन झालेली ती बाई एका हातानं टाके सांभाळत खिडकीशी गेली, पडदा बोटभर सरकवला, परत आली, खाटेच्या कडेला टेकते न टेकते तोच उठली, उशीचा कोपरा सरळ केला, पुन्हा पडद्याशी. उभी होती तेव्हाही ती उभी नव्हती. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. समोरच्या खाटेवरच्या काकू म्हणाल्या, “आजी, आमच्याकडेही या हो जरा आवराआवर करायला.” सगळे हसले. आजींची मुलगी ओशाळून हसली. आजीही हसल्या, आणि त्या हसण्यानंच सिस्टरची खात्री पटली. चालणारं माणूस कुठेतरी निघालेलं असतं. आजी कुठेच निघाल्या नव्हत्या, आणि ते कुणाला कळू नये म्हणून प्रत्येक फेरीला एकेक काम शोधत होत्या.

तिनं ट्रे ठेवला आणि आजींच्या वाटेत जाऊन उभी राहिली. घाई न करता, सहज भेटल्यासारखी. “आजी, चालावंसं वाटतंय, की बसवत नाहीये?”

आजींनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण आधी डोळेच भरून आले. “बसवत नाही गं बाई. दुखत नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. पण आतून कुणी ढोसत असल्यासारखं होतं. ऊठ, ऊठ, ऊठ. उठलं की म्हणतं, बस. मला वाटलं, झालं, आपलं डोकं फिरलं. म्हणून बोलले नाही.”

“कधीपासून?”

“ते उलटीचं इंजेक्शन सुरू केलंत ना, तेव्हापासून. उलटी थांबली हो, त्याला नाव ठेवायला नको.”

नाव ठेवायला नको. हे मात्र तिला नको तिथे जाऊन लागलं. पण हात कामाला लागले होते, आणि हातांना कामात असं काही लागत नाही. नाडी, रक्तदाब, मान अवघडली आहे का, जबडा ताठरला आहे का, जीभ नीट बाहेर येते का. नोकरीच्या सुरुवातीला तिला वाटे की औषध बाधलं म्हणजे अंगावर पुरळ उठेल, श्वास लागेल, काहीतरी धावपळ करण्याजोगं होईल. तसं होतंही, पण ते कुणालाही दिसतं. बहुतेकदा माणूस येऊन ‘मला औषध बाधलं’ असं सांगत नाही. ते म्हणतं, आज जरा कसंतरीच होतंय. किंवा काहीच म्हणत नाही. उगाच खाजवत बसतं, सारखं पाणी मागतं, नेहमीचं गोड माणूस नवऱ्यावर खेकसतं. काल आणि आज यांत काय बदललं ते बघायचं आणि मधे काय पोटात किंवा शिरेत गेलं ते आठवायचं. एवढंच. बघायचं मात्र माणसाकडे, आजाराकडे नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बघूनबघून येत गेलं होतं, आणि तिला त्याचा, कबूल न केलेला का होईना, अभिमान होता.

वॉर्डाच्या डॉक्टरांना सगळे ‘एक पाय’ म्हणत, कारण बोलताना त्यांचा एक पाय कायम दाराबाहेर असे. फोनवरही तो बाहेरच होता. “घाबरल्यात हो त्या, सिस्टर. ऑपरेशननंतर होतं असं. झोपेचं काहीतरी देऊन टाकू.”

“घाबरलेल्या नाहीत, सर. ऑपरेशनच्या दिवशी घाबरल्या होत्या तेव्हा गप्प पडून होत्या. हे उलटीच्या इंजेक्शननंतरचं आहे. उभ्या आहेत तरी पाय थांबत नाहीत. पुढचा डोस मी धरून ठेवलाय.”

“धरून ठेवलाय? मला न विचारता?”

“विचारायलाच फोन केलाय, सर.”

आणि आश्चर्य म्हणजे, थोड्याच वेळात दोन्ही पाय आत आले. डॉक्टरांनी आजींना बसवलं, आजींचे गुडघे पाहिले, हं म्हणाले, इंजेक्शन बंद केलं आणि त्यावरचा उतारा लिहून दिला. तिनं तो दिला, ते औषध या बाईंना पुन्हा द्यायचं नाही अशी ठळक नोंद केली आणि अधूनमधून येऊन बघत राहिली. दुपारचा चहा आला तेव्हा आजी खाटेवर बसल्या होत्या. नुसत्या बसल्या होत्या. पाय लांब सोडलेले, पावलं जराशी बाहेरच्या बाजूला कललेली, कुणाचीच नसल्यासारखी. कप दोन्ही हातांत धरून त्या हळूहळू चहा पीत होत्या, आणि बसून चहा पिणं ही केवढी चैन असू शकते ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आजींची मुलगी तिच्यामागोमाग व्हरांड्यात आली. चांगली चाळिशीची बाई, पण तोंड शाळेत छडी खाल्लेल्या मुलीसारखं झालेलं. “सिस्टर, मी कालपासून तिच्यावर ओरडतेय हो. लाज वाटतेय मला.”

“तुम्हाला कसं कळणार?” ती म्हणाली. “तुम्ही थोड्याच नर्स आहात?” हे ती आजवर कितीजणांना म्हणाली असेल. माणसं या वाक्यानं सुटतात, खांदे खाली येतात. त्या बाईचेही आले. सिस्टर स्वतः मात्र तिथेच भिंतीला हात टेकून उभी राहिली. वाक्य तिच्या तोंडातून निघून त्या बाईला मोकळं करून परत फिरलं होतं, आणि आता नुसतं तिच्यासमोर उभं होतं.

मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या मुख्य. त्या कौतुकात कंजूष, पण आज त्यांनी सगळ्यांसमोर हाक मारली. “काय गं, डोळे आहेत की एक्स-रे? उद्या सकाळी ड्यूटी बदलताना सगळ्यांना सांग, कसं ओळखलंस ते. माणूस सारखं फिरतं म्हटलं की आपण ‘त्रासदायक पेशंट’ म्हणून मोकळ्या होतो. सांग नीट.” ती हो म्हणाली. कसं ओळखलंस? पडद्यावरून, असं सांगायला हवं होतं. बोटभर सरकवलेल्या पडद्यावरून. आणि मग कुणी विचारलं असतं, पडद्यावरून कसं? तर सांगायला हवं होतं की आमच्या घरी ते गॅसचं बटण होतं.

ड्यूटी संपल्यावर ती चालतच निघाली. बसमध्ये कुणाच्या तरी शेजारी बसावं लागलं असतं. रस्ता ओळखीचा होता. चष्म्याचं दुकान, बँकेची पायरी, कपडे इस्त्री करणाऱ्याच्या टपरीतून येणारा भाजक्या सुताचा वास. गॅस बघून येते, आई म्हणायची. टेकली न टेकली तोच, “बाई, गॅस राहिला वाटतं चालू,” आणि उठायची. गॅस बंदच असायचा. मग नळ बघायचा, मग वाळत घातलेले कपडे, मग दारात कुणी आलं का ते. आजारानं तिचं पोट पोखरून काढलं होतं. बरं होणार नाही हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही एकमेकांना ते माहीत नसल्यासारखं वागत होते. अंगात काही उरलं नव्हतं, तरी ती फिरायची. एकदा जिन्यावर सापडली, चढायची, उतरायची, कठड्याला धरून. त्यानंतर बाबांनी दाराला वर एक कडी बसवली, तिचा हात पोचणार नाही अशी. ते स्क्रू पिळत असताना आई मागे उभी राहून बघत होती, या पायावरून त्या पायावर, आणि म्हणाली, “सरळ बसवा हो, वाकडी दिसतेय.”

आणि आपण काय म्हणत होतो? आई, बस ना. आई, किती फिरशील, मला गरगरतंय तुझ्याकडे बघून. आई, एका जागी बस ना गं, दिवसभर तिकडे हेच, घरी आल्यावर पण हेच. पेशंटला ती असं कधीच बोलली नसती. पण घरी ती सिस्टर नव्हती. तसा घरचा नियमच होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती सगळ्यांची नखं बघायची, डोळ्यांची पापणी ओढून बघायची, आईचा हात हातात घेतला की बोटं आपोआप नाडीवर जायची. एकदा आईनं हात झटकला. “माझ्याकडे असं गिऱ्हाईक आल्यासारखं बघू नकोस. चपला दारात काढतेस ना? तशी सिस्टरही दारात काढून ठेवत जा. घरात मला माझी मुलगी पाहिजे.” तेव्हापासून हा घरातला विनोदच झाला. ती आली की आई आतून विचारायची, “काढलीस का सिस्टर?” आणि ती म्हणायची, “काढली, काढली.” आई गेल्यावर तिनं या नियमाला किती वेळा पुढे केलं होतं! तूच म्हणाली होतीस. तूच बघू दिलं नाहीस. ते अर्धं खरंही होतं, आणि अर्ध्या खऱ्यावर माणूस बरेच महिने काढू शकतं.

पण आज आजींच्या खाटेशी उभी असताना तिला दुसरी गोष्ट आठवली होती, आणि चष्म्याच्या दुकानाच्या काचेत स्वतःला बघताना ती पुन्हा आठवली. एका दुपारी आई सारखी उठत होती, म्हणून तिनं आईचे दोन्ही खांदे धरले आणि तिला खुर्चीत दाबून बसवलं. जोरानं नाही, पण दाबून. आणि तळव्यांखाली तिला ते लागलं. थरथर नाही, थंडीची हुडहुडी नाही. झाकण लावलेल्या पेटीत काहीतरी यंत्र चालू असावं तसं, खोल, न थांबणारं. आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “माझं काहीतरी बिनसलंय गं.” आजारातल्या एवढ्या महिन्यांत तिनं केलेली ती एकच तक्रार. त्या वेळी तळव्यांना कळलं होतं. खांद्यांतून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत काहीतरी आलं होतं, आणि त्याच्यामागून एक नाव यायला निघालं होतं, पाठ केलेलं, परीक्षेत लिहिलेलं. तिनं हात काढून घेतले. ते नाव वर येण्याआधीच काढून घेतले. कारण ते आलं असतं तर आईची उलटीची गोळी बंद करावी लागली असती, आणि गोळी बंद झाली असती तर उलट्या परत सुरू झाल्या असत्या. त्या गोळीनं तर घरात स्वस्थता आली होती. रात्री अंथरुणाशी घमेलं ठेवावं लागत नव्हतं, चादरी धुवाव्या लागत नव्हत्या, तिला सलग झोप मिळत होती. दुसरं औषध मागता आलं असतं, डॉक्टरांना फोन करता आला असता. दुसऱ्याच्या आईसाठी तिनं आज तेच केलं. पण त्यासाठी आधी कळावं लागलं असतं, आणि ती दमली होती, तिला काहीही कळायला नको होतं. नियमाचा काही संबंध नव्हता. सिस्टर दारातून आत आली होती, आईच्या खांद्यांपर्यंत आली होती, आणि तिनं तिला परत बाहेर घालवलं होतं.

गोळी तीच द्यायची, स्वतःच्या हातानं, पाण्याच्या पेल्यासकट. आईला गिळता येत होतं तोवर दिली. मग गिळणं थांबलं, गोळीही थांबली, आणि शेवटचे काही दिवस आई शांत पडून राहिली. रडणाऱ्या नातेवाइकांना तिनंच समजावलं होतं: शेवटी शरीर स्वीकारतं, माणूस शांत होतं. किती छान बोलली होती ती! आई त्या गोळीनं गेली नाही. ती जाणारच होती. पण जाण्याआधी तिला बसायचं होतं, आणि ते फार मोठं मागणं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. वरची कडी अजून तशीच, सरळ. बाबा खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसले होते. घरात दोघांच्या बैठकीचा सोफा आहे, पण आई गेल्यापासून ते त्यावर बसत नाहीत. जन्मभर ते लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आज इथे मुक्काम, उद्या तिथे, घरी आले की झोपायला. निवृत्त झाले तेव्हा त्यांनीच जाऊन तो सोफा आणला, आईला म्हणाले, आता रोज संध्याकाळी तुझ्याशेजारी बसणार, तू हाकललंस तरी उठणार नाही. वर्षभर बसलेही. मग ती गोळी सुरू झाली आणि ते बसले की आई उठू लागली. ते काही बोलत नसत. पण बाराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर, कुणाला सांगतो आहोत याचं भान नसल्यासारखे ते म्हणाले होते, “शेवटी शेवटी तिला माझ्याजवळ बसायला नको वाटायचं. बरोबर आहे तिचं. आयुष्यभर मी तरी कुठे बसलो होतो?” तेव्हाही ती गप्प राहिली होती. आपल्या दुःखात होती, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

“आलीस? काढलीस का सिस्टर?” बाबांनी विचारलं. आईचा विनोद आता ते चालवतात, जरा चुकीच्या चालीत.

“नाही काढली,” ती म्हणाली. चपलाही तिनं काढल्या नव्हत्या. दारातच उभं राहून तिनं सांगितलं. आजींचं, पडद्याचं, इंजेक्शनचं. मग म्हणाली, “बाबा, आईचं तेच होतं. उलटीच्या गोळीनं होतं तसं काहीजणांना. बसताच येत नाही. तुमच्यामुळे उठायची नाही ती. तिला बसवतच नव्हतं.”

बाबांनी गुडघ्यांवर ठेवलेले हात उलटे करून पाहिले. “म्हणजे चावी काढली तरी इंजिन चालूच,” ते म्हणाले. “माझी एक जुनी गाडी होती तशी. स्टँडात लावून, चावी खिशात घालून उतरलो तरी ती धडधडतच असायची. हात ठेवला की कळायचं.” मग मान वर करून, “म्हणजे तिला बसायचं होतं?”

“हो.”

“माझ्याशेजारी?”

“हो, बाबा.”

त्यांच्या तोंडावर जे झालं ते तिनं आज एकदा पाहिलं होतं, दुपारी, चहाच्या कपामागे. त्यांनी डोळे पुसले आणि हसले, आणि लगेच खिशातला फोन काढला. तिला वाटलं, आता सांगायलाच हवं. हे असंच राहिलं तर कायमचं असंच राहील. “बाबा, गोळी मीच देत होते.”

“तूच देणार ना. तूच तर सगळं करत होतीस.” ते चष्मा शोधत होते.

“मला कळायला हवं होतं.”

“तुला कसं कळणार? घरी तू थोडीच सिस्टर होतीस?” त्यांनी ते अगदी सहज, मायेनं म्हटलं. दुपारी तिनं व्हरांड्यात म्हटलं होतं तसंच. माणूस सुटावं म्हणून.

“कळलं होतं,” ती म्हणाली. “हातांना कळलं होतं, बाबा.”

पण त्यांनी एक बोट वर केलं होतं. थांब, रिंग जातेय. मग फोनमध्ये, त्यांच्या गाडीवरच्या जुन्या मोठ्या आवाजात, आत्याला: “अगं, ऐक! ती माझ्यावर रागावली नव्हती. नाही, नाही, रागावली नव्हती! गोळीचं होतं ते. बसताच येत नाही म्हणे माणसाला. अगं, आपल्या सिस्टरनं शोधून काढलं! डॉक्टरांना नाही कळलं, हिला कळलं!” आत्या पलीकडे रडत असावी किंवा हसत. बाबा बोलता बोलता उठले, दोन पावलं चालले आणि सोफ्यावर जाऊन बसले, त्यांच्या बाजूला, कडेला सरकून, शेजारची जागा मोकळी सोडून. फोन कानाशी धरूनच त्यांनी त्या जागेवर हातानं थोपटलं. बस की.

“आलेच,” ती म्हणाली. “गॅस बघून येते.”

स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. गॅस बंद होता. तिनं बटणावर हात ठेवला, फिरवून पाहिलं, ते आणखी फिरण्याजोगं नव्हतंच. ओट्याला धरून ती उभी राहिली आणि वाट पाहू लागली. काहीतरी सुरू होईल, असं तिला वाटत होतं, पायांत, पोटऱ्यांत, कुठेतरी आत. आईला जे झालं त्यातलं थोडं तरी. ते झालं असतं तर बरं वाटलं असतं. बाहेर बाबा आत्याला तिसऱ्यांदा तेच सांगत होते आणि दर खेपेला तिचं कौतुक वाढत होतं.

ती बाहेर आली. दारात जाऊन तिनं चपला काढल्या. मग सोफ्यापाशी येऊन आईच्या जागेवर बसली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बोलत राहिले. पाय जमिनीवर होते, तळवे मांडीवर होते. काहीही ढोसत नव्हतं. ऊठ म्हणून कुणी सांगत नव्हतं. ती एका जागी बसली होती, आणि तिला बसवत होतं.